साडूंची शर्यत आणि उघडा कॉम्प्युटर

ज्या माणसाला डोळ्यांना धड न दिसणारे स्क्रू चष्म्याच्या दांडीत बसवता येतात, त्याला कॉम्प्युटर उघडणं म्हणजे काय मोठं काम, असं चष्मेवाल्यांनी आपल्या साडूभाऊंना फोनवर ठणकावून सांगितलं आणि तिथेच ते फसले.

चष्मेवाल्यांची बायको धाकटी, साडूभाऊंची थोरली. त्या थोरलेपणाचा मान साडूभाऊ लग्नापासून व्याजासकट वसूल करत आले होते. यांनी टीव्ही घेतला की ते त्याहून मोठा घेत. यांचा गुडघा दुखला की त्यांचे दोन्ही दुखत. आता त्यांनी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळण्यासाठी नवाकोरा कॉम्प्युटर आणला होता.

"तुम्हीही या की मैदानात," साडूभाऊ म्हणाले. "पण तुमच्या त्या डब्यावर गाडी धावायची नाही. ढकलावी लागेल."

"रविवारी पाच वाजता," चष्मेवाले म्हणाले. "आणि त्याच डब्यावर."

फोन ठेवल्यावर बायकोने शांतपणे विचारलं, "नवा घेणार आहात का?"

"छे. दुकानात आत्ताच डोळे तपासायचं यंत्र घेतलंय. जुन्यातच पडद्यावरची चित्रं पळवणारं एक कार्ड बसवायचं. अर्ध्या तासाचं काम."

जुन्या मालाच्या दुकानदाराने त्यांना एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड दिलं. चांगलं भरभक्कम, पाठीवर दोन पंखे. चष्मेवाले ते लेकराला आणावं तसं छातीशी धरून घरी आले. शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद करून त्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, आपले नाजूक स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडले आणि कॉम्प्युटरचं झाकण काढलं.

आत इतकी धूळ होती की त्यात मेथी पेरली असती तर उगवली असती. त्यांनी जोरात फुंकर मारली. धूळ उडाली, चष्म्यावर बसली, नाकात गेली. पाठोपाठ आलेल्या शिंकेने झाकणाचे स्क्रू टेबलाखाली पळाले. तीन सापडले. चौथ्यासाठी चष्मेवाले डोळ्याला भिंग लावून फरशीवर रांगत राहिले.

"स्क्रू-ड्रायव्हरला चिकटलाय," बायको म्हणाली. "टोकाला लोहचुंबक आहे ना त्याच्या."

"माहीत आहे," चष्मेवाले टेबलाखालून म्हणाले.

खरी पंचाईत पुढे होती. कार्ड डब्यापेक्षा लांब निघालं. समोर हार्ड डिस्कचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. चष्मेवाल्यांनी पिंजराच उचकटून काढला आणि हार्ड डिस्क घडी घातलेल्या टॉवेलवर निजवली. मग लक्षात आलं, की कार्डाला विजेची वेगळी वायर लागते आणि ती जुन्या पॉवर सप्लायला नाहीच. ते धावत दुकानदाराकडे गेले आणि मोठा पॉवर सप्लाय घेऊन आले. तो इतका मोठा की डब्यात जाईना. मग त्याची सोय शेजारच्या स्टुलावर झाली. सगळं गरम होईल म्हणून समोर टेबलफॅन लावला.

बायकोने तो संसार चहूबाजूंनी फिरून पाहिला. "ऑपरेशन करून पेशंटला उघडाच घरी पाठवल्यासारखं दिसतंय."

"दिसण्यावर जाऊ नकोस," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखे असे घोंघावले की पिठाची गिरणी सुरू झाल्याचा भास व्हावा. पण पडदा काळाच. त्यांनी कार्ड काढून पुन्हा बसवलं. पडदा काळा. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. पडदा काळा. रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा सगळं सोडवलं, पुसलं, जोडलं. पडद्यावर त्यांचाच घामाघूम चेहरा तेवढा दिसत होता.

दुपारी साडूभाऊंचा फोन आला. "काय, धावतोय का डबा? जमत नसेल तर राहू द्या. सासूबाई आमच्याकडे आल्यात, त्यांना मी सांगेन की जावयाने प्रयत्न तरी केला."

सासूबाईंचं नाव निघाल्यावर चष्मेवाल्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. दोन्ही जावयांना त्या एकाच तागडीत तोलत, आणि यांचं पारडं हलकं म्हणून कायम वर.

"पाच म्हणजे पाच," त्यांनी उसन्या अवसानाने सांगितलं.

साडेचार वाजले तेव्हा मात्र त्यांनी हाय खाल्ली. "जाऊ दे. सगळं आवरतो," ते म्हणाले आणि मॉनिटरची वायर घोंघावत्या डब्याच्या मागून उपटली. ती वायर टेबलफॅनच्या वायरीत गुंतली होती. मोकळी करायला हात पुरेनात, म्हणून त्यांनी तिचं टोक समोर दिसलेल्या भोकात तात्पुरतं खोचून ठेवलं.

पडदा लखकन उजळला.

बायको हातातला कप तसाच धरून उभी राहिली. "काय केलंत?"

चष्मेवाले वाकून बघत राहिले. कालपासून ते मॉनिटरची वायर जुन्याच जागी लावत होते. ती नव्या कार्डाला लावायची असते, एवढंच राहिलं होतं.

"मुद्दाम शेवटी ठेवलं होतं ते," ते म्हणाले.

पाच वाजता शर्यत सुरू झाली. टॉवेलवर हार्ड डिस्क, स्टुलावर पॉवर सप्लाय, समोर फॅन, आणि पडद्यावर चष्मेवाल्यांची लाल गाडी लोण्यातून सुरी जावी तशी धावत होती. साडूभाऊंची निळी गाडी पहिल्या वळणाला थोडी अडखळली, मग एकदम पिसाळल्यासारखी मागे लागली. चष्मेवाले कानांना हेडफोन लावून थेट पलीकडे बोलत होते, आणि आता त्यांच्या जिभेलाही वेग आला होता.

"काय हो, दमलात? हात थरथरतात का? वय झालं आता, घरी बसून जप करा."

पलीकडून उत्तर नाही. जिव्हारी लागलं असणार.

"समोरचं दिसत नाही वाटतं. या दुकानात, नातेवाईक म्हणून स्वस्तात चष्मा देतो."

शेवटच्या वळणावर निळी गाडी आतून घुसली, दोघींची दारं घासली, चष्मेवाले खुर्चीतून अर्धे उठले, आणि लाल गाडी नाकाच्या शेंड्याने पुढे निघाली. जिंकले. त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरून तिला टेबलाभोवती एक गिरकी मारायला लावली. बायको पण हसत होती, लग्नाच्या फोटोतही हसली नव्हती इतकी.

"बोला साडूभाऊ," चष्मेवाले धापा टाकत म्हणाले, "कोण कुणाला ढकलतंय?"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज आला, "ते कुरिअरवाल्याला दार उघडायला गेलेत पहिल्या वळणालाच. गाडी माझ्याकडे देऊन गेले."

चष्मेवाल्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबले, जणू त्याने आधीचं बोलणं परत आत जाणार होतं.

"आठवडाभर रोज दुपारी खेळतेय मी," सासूबाई सांगत होत्या. "तुमच्या साडूंना एकदाही जिंकू दिलं नाही. तुम्ही पहिले. हात चांगला आहे तुमचा, बरं का."

मागून साडूभाऊंचा पडलेला आवाज आला, "आई, हे त्यांना कशाला सांगताय?"

चष्मेवाल्यांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा पारडं खाली आलं होतं. काहीतरी नम्र बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण सासूबाईंचं संपलं नव्हतं.

"उद्याच येते तुमच्याकडे. महिनाभर राहीन. रोज खेळू. जप काय, रात्री करता येईल. आणि तो स्वस्तातला चष्मा तेवढा तयार ठेवा."