परक्या खिडकीचा कारभार

"व्हिसा म्हणजे काय हो शेवटी? एक अर्ज! आणि अर्ज या प्राण्याला माझ्याइतकं जवळून पाहिलंय कुणी?"

जेवता जेवता भाऊसाहेबांनी हे असं ठणकावून सांगितलं, की त्यांच्या साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. साडूंनी आपला आणि आपल्या बायकोचा व्हिसा एजंटाकडून काढला होता. म्हणजे भाऊसाहेबांच्या लेखी त्यांनी परीक्षेला डमी बसवला होता!

भाऊसाहेब नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीतून रिटायर झालेले. त्यांच्या सहीशिवाय शहरात कुणी जन्मलं नाही आणि कुणाची मरायची टाप नव्हती, निदान अधिकृतरीत्या तरी. खिडकी सुटली, पण हात काही केल्या स्वस्थ बसेना. घरी दूधवाला, पेपरवाला आणि गॅसवाला एकदम आले तर तिघांनाही जिन्यात ओळीने उभं राहावं लागे.

बेत असा होता. आपल्या देशाला समुद्रच नाही, तेव्हा समुद्राच्या देशात जायचं होतं. त्या देशाची आपल्याकडची वकिलात म्हणजे नुसती तारीख मिळवायला केस पिकवायचे! पण भाऊसाहेबांनी शोध लावला, की शेजारच्या देशात, सीमेपलीकडच्या पहिल्याच गावात, त्याच समुद्राच्या देशाची एक छोटी वकिलात आहे आणि ती सकाळी अर्ज घेऊन दुपारी व्हिसा देते. शेजारच्या देशात शिरायला एका दिवसाचा परवाना सीमेवरच मिळतो. सकाळी शिरायचं, दुपारी व्हिसा, दुपारच्याच बसने थेट समुद्र!

"आणि नाही मिळाला तर?" मेहुणीने विचारलं.

"तर रात्री परत घरी. परवाना एकाच दिवसाचा. पण ताई, 'नाही' हा शब्द खिडकीच्या बाहेरच्या माणसांसाठी असतो. मी आतला!"

लग्न झाल्यापासून भाऊसाहेबांना बायकोला समुद्र दाखवायचा होता, आणि दर वर्षी मार्चअखेर, नाहीतर ऑडिट, नाहीतर जनगणना आडवी आली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, या वेळी जमलं नाही तर मी पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही."

भाऊसाहेबांनी ताट बाजूला सारलं. बायको भांडते तोवर फाइल चालू असते. बायको नाव काढत नाही म्हणजे फाइल बंद!

ठरल्या दिवशी साडू आणि मेहुणी बॅगा घेऊन पलीकडच्या गावातल्या बसस्टँडवर थांबले आणि हे दोघे वकिलातीत पोचले. वकिलात कसली! खाली दातांचा दवाखाना, वर दोन खोल्या आणि जिन्यात एक झेंडा. बाहेरच्या खोलीत एक काचेची खिडकी, खिडकीवर पाटी: 'अर्ज फक्त बारापर्यंत.' आणि काचेला चिकटवलेली चिठ्ठी: 'दाताच्या कामाने खाली गेले आहे. येतेच.'

खिडकीतल्या बाईंना दातांच्या डॉक्टरांची भीती वाटे, म्हणून त्यांचा हात धरायला पहारेकरीही खाली गेला होता. म्हणजे अख्ख्या वकिलातीत वकिलातीचं असं कुणी नव्हतंच. होती ती नुसती गर्दी! कुणी खिडकीला नाक लावलेलं, कुणी भिंतीला पाठ. एक दाढीवाला सायकलस्वार, एक नवविवाहित जोडपं, एक गरम कपड्यांची व्यापारीण, आणि कुणाचा नंबर कितवा याचा कुणालाच पत्ता नाही.

भाऊसाहेबांचे हात शिवशिवू लागले.

"अहो," बायकोने आधीच बाही धरली, "इथे आपण पाहुणे आहोत."

"मी कुठे काय करतोय? फक्त रांग!"

रांग लागली. पण कोपऱ्यात एक टेबल होतं, टेबलामागे खुर्ची होती, आणि टेबलावर टाचण्यांची डबी होती. सज्जनहो, मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं टाकून वर मांजरालाच दोष द्यायचा, याला काही अर्थ आहे? भाऊसाहेब बसले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि अनेक वर्षांच्या सवयीने तोंडातून आपोआप निघालं, "नेक्स्ट!"

आणि रांग निमूट पुढे सरकली की हो! खुर्चीतला माणूस कोण, हे जगात कुणीच विचारत नाही. विचारतात ते उभं राहणाऱ्याला.

पहिला सायकलस्वार. भाऊसाहेबांनी पासपोर्ट पाहिला, दाढी पाहिली, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"पासपोर्टात गाल दिसतात. इथे गाल कुठायत?"

"साहेब, सायकलवर निघालो तेव्हापासून वाढवलीय."

"वाढवली ती तुमची हौस. सरकारने तुम्हाला ओळखायचं कशावरून? चला, दाढी करून या!"

बिचारा गेला आणि सोललेल्या बटाट्यासारखा होऊन आला. आता अर्जावरचा फोटो दाढीवाला आणि समोरचा माणूस बिनदाढीचा! "हा फोटो तुमचा नाही," भाऊसाहेब म्हणाले. सायकलस्वार पुन्हा जिना उतरला, या खेपेला फोटोवाल्याकडे.

जोडप्याचं प्रकरण आणखी रंगलं. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव. "एका खोलीत उतरणार ना? मग नातं कशावरून सिद्ध होतं? नाव बदलणार असाल तर तसं लिहून द्या."

"बदलणार आहे," नवरा म्हणाला.

"कुणी सांगितलं?" बायको म्हणाली.

"म्हणजे? आईला तू हो म्हणाली होतीस!"

"आईंना मी 'चहा घेणार का?' याला हो म्हटलं होतं!"

दोघं रांगेतच एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. भाऊसाहेबांनी त्यांच्या अर्जाला 'प्रलंबित' म्हणून वेगळी टाचणी लावली.

एवढ्यात साडूंचा फोन. "काय साडूभाऊ, मिळाला का व्हिसा? बस लागायची वेळ होत आलीय!"

"कामात आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

रांगेच्या अगदी टोकाला दोघांचे पासपोर्ट घेऊन बायको उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, आपला अर्ज आधी वर ठेवा ना!"

सगळ्या खोलीने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब ताठ झाले. खिडकीतल्या माणसाने स्वतःचं काम सगळ्यात शेवटी करायचं, हे त्यांचं व्रत. पोटच्या मुलाच्या जन्माची नोंद त्यांनी केली तेव्हा मुलगा बालवाडीत बडबडगीतं म्हणत होता! ते म्हणाले, "बाई, नंबराने या."

बाई म्हणे! तिने समुद्र थोडा आणखी लांब गेल्यासारखं पाहिलं.

मग दारातून एक गृहस्थ आले. हातात बॅडमिंटनची रॅकेट, गळ्यात टॉवेल, घाम पुसत सरळ आतल्या दाराकडे निघाले.

"ओ! कुठे? रांग दिसत नाही?"

"मला आत जायचंय. मी इथला कॉन्सल, या वकिलातीचा प्रमुख आहे."

भाऊसाहेब समजूतदार हसले. त्यांच्या खिडकीवर रोज दोन तरी मंत्र्यांचे भाचे येत. "असं का? ओळखपत्र?"

"ते आत टेबलावर आहे."

"मग ते दाखवा आणि आत जा."

"अहो, ते आत आहे! आत गेल्याशिवाय दाखवू कसं?"

"आणि दाखवल्याशिवाय आत सोडू कसं? तुम्हीच सांगा."

गृहस्थांना मुद्द्यात खोट सापडेना. "आणि या अवतारात?" भाऊसाहेबांनी रॅकेटकडे पेनाने खूण केली. "सरकारी कार्यालय आहे हे! व्हा मागे." गृहस्थ खरंच मागे जाऊन उभे राहिले, भाऊसाहेबांच्या बायकोच्या पाठीमागे. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला माणूस दरडावणीचा सूर ओळखतो आणि पाय आपोआप चालू लागतात.

त्यांच्यापाठोपाठ खिडकीतल्या बाई आल्या. गाल फुगलेला, जबडा बधिर. आपल्या टेबलामागे परका माणूस पाहून त्या हातवारे करत नुसत्याच हुंकारू लागल्या.

"तब्येत बरी दिसत नाही," भाऊसाहेब कनवाळूपणे म्हणाले. "डॉक्टरांचा दाखला आणलाय? नाही? मग बसा, बसून घ्या आधी."

बाई बसल्या आणि रडू लागल्या.

तेवढ्यात बाईंच्या गोळ्या घेऊन पहारेकरी वर आला. त्याने रांगेच्या शेवटी पाहिलं, हातातली पुडी खाली टाकली आणि रॅकेटवाल्या गृहस्थांना असा कडक सलाम ठोकला, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"साहेब! तुम्ही लायनीत?"

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि भाऊसाहेबांच्या हातून ती पडलीच!

कॉन्सलसाहेब टेबलावरचा गठ्ठा उचलून आत गेले. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला जसा स्वस्तातल्या शर्टाचा पहिल्या धुण्यात उतरतो. बायकोने कपाळाला हात लावला. फोन वाजत होता. साडू! तो कुणीच घेतला नाही.

पण आतून एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. भराभर! सायकलस्वार गेला आणि व्हिसा घेऊन आला. "साहेब म्हणाले, आमच्या व्हिसाला फोटो लागतच नाही," तो गाल चोळत म्हणाला. जोडपं गेलं. नाव बदलण्याचं काही लिहून द्यावं लागत नाही हे कळल्यावर दोघं बाहेर येताना पुन्हा हातात हात घालून होती. व्यापारीण गेली नि आली. बाराचा काटा जवळ येत होता. शेवटी नवरा-बायकोला एकत्र बोलावणं आलं.

"बाईंचा व्हिसा तयार आहे," कॉन्सलसाहेब म्हणाले. आता त्यांनी कोट चढवला होता. "यांना देता येणार नाही."

"साहेब, मी माफी मागतो. सवयीचा परिणाम..."

"माफीचं राहू द्या. असे नीट लावलेले अर्ज मी इथे आल्यापासून पाहिले नाहीत. अडचण वेगळीच आहे. हा टूरिस्ट व्हिसा. फिरणाऱ्या माणसाचा. तुम्ही आमच्या देशात जाऊन कामाला लागाल!"

"मी? रिटायर माणूस!"

"रिटायर माणसाने सकाळपासून माझी वकिलात चालवली. मलाच रांगेत उभं केलं! बाई, तुम्ही खरं सांगा. हे फिरायला जातात तेव्हा फिरतात का?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण सकाळचं 'बाई, नंबराने या' अजून कानात होतं.

"लग्नानंतर एका बागेत गेलो होतो," त्या म्हणाल्या. "बाग मी पाहिली. हे तिकिटाच्या खिडकीपाशी सुट्ट्या पैशांची वेगळी रांग लावत होते."

"झालं तर मग!" कॉन्सलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"पण साहेब, द्या यांना," बाई घाईघाईने म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्या समुद्राबद्दल यांच्याशीच बोललेय. एकटी गेले तर 'बघितलंत ना, मी म्हणत होते' असं म्हणू कुणाला?"

कॉन्सलसाहेब विरघळले, पण पुरते नाहीत. त्यांनी भाऊसाहेबांना बाहेरच्या खोलीत आणून काचेच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. "फिरायला आलेल्या माणसासारखं बसून दाखवा. मी सांगेपर्यंत. उठलात की व्हिसा रद्द."

आणि त्यांनी जबडा बधिर झालेल्या बाईंना खूण केली. बाईंचे डोळे चमकले! त्यांनी गठ्ठा घेतला आणि भाऊसाहेबांच्या डोळ्यांदेखत टाचण्या उपटायला सुरुवात केली. सायकलस्वाराचा अर्ज व्यापारिणीच्या पोटात. शिक्का तिरका. दुसरा उलटा! एक कागद तर त्यांनी जमिनीवर सोडला आणि वर पाय ठेवला.

भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम फुटला. उजवा हात आपण होऊन टेबलाकडे निघाला, तो बायकोने वरच्यावर पकडला.

"अहो, डोळे मिटा," ती कानाशी म्हणाली. "लाट येतेय. पायाला लागली का?"

"लागली," भाऊसाहेब दात आवळून म्हणाले. "पण ती दुसरी लाट मध्येच घुसतेय!"

"घुसू दे तिला."

"असं कसं? पहिली कुठे..."

"घुसू दे म्हणतेय ना!"

भाऊसाहेबांनी एक खोल श्वास सोडला, आणि जन्मात पहिल्यांदा कुणालातरी मध्ये घुसू दिलं.

बारा वाजता शिक्का पडला. दर व्हिसावर 'कामास परवानगी नाही' असं छापलेलंच असतं. भाऊसाहेबांच्या व्हिसावर कॉन्सलसाहेबांनी त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'कोणत्याही परिस्थितीत!'

बस मिळाली. साडू रस्ताभर एजंटाचं कौतुक करत होते, भाऊसाहेब ऐकत होते. समुद्राच्या देशाच्या सीमेवर सगळे उतरले. चौकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, लाल रेघा पाहिल्या आणि भाऊसाहेबांना नखशिखान्त न्याहाळलं. मागचे प्रवासी टाचा उंचावून पाहू लागले. साडूंनी दोन पावलं बाजूला सरकून ओळख विसरल्यासारखं केलं.

"हे गृहस्थ कसलं काम करतात," अधिकाऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, "की आमच्या साहेबांनी एवढं बजावून लिहिलंय?"

रिटायर झाल्यापासून भाऊसाहेबांबद्दल हा प्रश्न इतक्या आदराने कुणी विचारला नव्हता. त्यांनी कॉलर नीट केली, घसा साफ केला, छाती पुढे काढली...

"काहीच नाही हो," बायको म्हणाली. तिचे डोळे केव्हाचे चौकीपलीकडच्या निळ्या रेघेला लागले होते. "घरीच असतात."

"असं होय," अधिकारी म्हणाला, आणि भाऊसाहेबांकडे पुन्हा न बघताच त्याने शिक्का मारला.