तज्ज्ञ आणि दोन अनोळखी टर्बो

घरात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. हा टोमणा आहे, हे एकट्या तज्ज्ञालाच ठाऊक नव्हतं!

त्याने एक जुनी, वेगवान गाडी घेतली. आधीच्या मालकाने इंजिनात जादा हवा कोंबणारे मूळचे टर्बो काढून भलतेच दोन बसवले होते. कुठल्या कंपनीचे, कुठल्या मापाचे, देव जाणे!

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, खोलून मापं घेऊ. टर्बो कोणते ते कळल्याशिवाय हवेचा दाब वाढवणार नाही मी. फुटले तर?"

"खोलायचं कशाला? टर्बो शिट्टी मारतात, मी नुसत्या आवाजावरून सांगतो!"

सगळा आटापिटा सासऱ्यांसाठी होता. त्यांचा उभा जन्म इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी जावयाला ते 'बरं' यापलीकडे काही म्हणाले नव्हते.

तज्ज्ञाने स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन ठेवला, बाहेर गाडी चालू केली आणि ते रेकॉर्डिंग गाडीवेड्यांच्या ग्रुपवर टाकलं. धडाधड उत्तरं आली.

"काय शिट्टी आहे राव!"

"शर्यतीचे टर्बो! डोळे मिटून सांगतो!"

झालं! मेकॅनिकला ती उत्तरं दाखवून सोमवारी दाब वाढवायचं ठरलं आणि त्याआधी रविवारी सासऱ्यांना बोलावणं गेलं.

सासरे आले. बॉनेट उघडलं. गाडी नुसतीच घुरघुरली.

"शिट्टी कुठाय?"

"इंजिन गार आहे, बाबा. जरा थांबा."

त्याने अ‍ॅक्सिलरेटर इतका दाबला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आणि अखेर वाजली! फुस्स्स!

"ऐकलंत? शर्यतीचे!"

आतून बायको ओरडली, "अहो, बंद करा ती गाडी! कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेच कळेना!"

सासऱ्यांनी हात पुढे केला. "जावईबापू, फोन द्या बघू."

रेकॉर्डिंग वाजलं. घुरघुर, तीन शिट्ट्या, आणि शेवटी बायकोचा आवाज, "झाला एकदाचा कुकर." तज्ज्ञाने ते शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं! त्याचे कान तापले. सासरे हसले असते तरी चाललं असतं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मुलीचा छोटा आरसा मागून घेतला, गुडघे धरत वाकले आणि टर्बोच्या खाली धरला. खालच्या बाजूला कंपनीचं नाव कोरलेली, तेलाने माखलेली एक पट्टी होती. ती त्यांनी रुमालाने पुसली.

"मालवाहू टेम्पोचे आहेत. वाढीव दाबाने पहिल्याच दिवशी फुटले असते." मग हळूच म्हणाले, "माझ्या मुलीला घेऊन जाणार होतात ना यातून?"

तज्ज्ञाला तोंड कुठे लपवावं कळेना. "चुकलो, बाबा," एवढंच तो बोलला.

"बरं."

संध्याकाळी त्याने ग्रुपवर लाजत लाजत खरं ते लिहिलं. ती शिट्टी कुकरची होती, माफ करा.

मग एकाने लिहिलं, "आवाजावरून पाच लिटरचा वाटतो." अकरा जणांनी दुजोरा दिला.

तज्ज्ञ मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन बघून आला. तीन लिटरचा होता.