घरटी एक नमुना

माझी पीएच.डी. चार दिवसांत पूर्ण होणार, असं मी शनिवारी सकाळी बायकोला ठासून सांगितलं. जे आठ वर्षांत झालं नाही ते चार दिवसांत कसं होणार, असं उर्वशीनं विचारलं नाही. तिनं फक्त माझा चहा ढवळला आणि म्हणाली, "हा चौथा चमचा हाय साखरेचा. मी मोजून राह्यली."

"संशोधकाच्या मेंदूला साखर लागते!" मी म्हणालो.

माझं संशोधन सांगतो, पळून जाऊ नका, सोपं आहे. यवतमाळच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो आणि मी कागदाची एक पट्टी तयार केली आहे. ती लघवीत बुडवायची. जितकी साखर, तितका तिचा रंग गडद. मोबाईलनं पट्टीचा फोटो काढला की माझा प्रोग्राम रंग ओळखून वर्गवारी करतो : नॉर्मल, काठावरचा, हाताबाहेर. सुई नाही, रक्त नाही, रांग नाही!

फक्त एक बारीकशी अडचण होती. प्रयोगशाळेत पास झालेली ही पट्टी अजून खऱ्या माणसांवर तपासलेली नव्हती. "बुधवारी तुमची नोंदणी संपते, संघदीप," मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. "मंगळवारपर्यंत चाळीस माणसांचे निकाल माझ्या टेबलावर पाहिजेत. नाहीतर आठ वर्षांवर पाणी सोडा!" माणसांवर चाचणी करायला लागणारी नैतिकता समितीची परवानगी माझ्या खिशात होती. माणसं नव्हती.

माणसं हवीत? मग सासुरवाडी कशासाठी असते! नेरपासून सात किलोमीटरवरच्या त्या गावात माझ्या सासूबाई, कांताबाई, नुसत्या खाकरल्या तरी चार घरं बाहेर येऊन उभी राहतात. मी लगेच फोन लावला.

"आई, सोमवारी सकाळी येतो. घरटी एक नमुना पाहिजे. उपाशीपोटी."

"नमुना?" सासूबाईंनी विचारलं. "त्याचं काय करता जवाईबापू?"

"माझं मशीन सांगतं, तो नॉर्मल आहे, काठावरचा आहे, की हाताबाहेर गेलाय."

"खरंच सांगते?"

"शंभर टक्के!"

"मंग घरटी एकच कायले? काही घरी दोन-दोन हायेत!"

"एकच पुरे. पण अस्सल पाहिजे."

"त्याची काळजी नका करू. आपल्या गावात भेसळ नाही. अन् आमच्या घरचा काय, तो येतेच सोमवारी आपल्या पायानं!" त्या खुदकन हसल्या. मला काही कळलं नाही, पण सासूबाई हसल्या की आपणही हसावं, हा माझा नियम आहे. मी हसलो.

सोमवारी चाळीस रिकाम्या बाटल्या घेऊन पोचलो, तर ग्रामपंचायतीसमोर सतरंजीवर सगळं गाव हजर! कोतवाल बबलू भोंग्यावरून ओरडत होता, "आपापला नमुना घट्ट धरून ठेवा! गर्दीत सुटला तं पंचायत जबाबदार नाही!" मला वाटलं, विनोदी माणूस आहे.

मी संमतीपत्रं वाटली. त्यावर छापलं होतं : 'हा नमुना मी स्वखुशीने देत आहे. तो परत मागणार नाही.' पहिल्या आल्या इंदुताई. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कागद फाटेस्तोवर जोर लावून सही केली.

"पक्कं न जी? वापस तं नाही आणून देणार?"

"छे हो! तपासून झालं की नष्ट करतो."

इंदुताई दचकल्या. "नष्ट नका करू जी! तसा दिलाचा चांगला हाय." आणि त्यांनी पाठीमागून नवऱ्याला, नानाजींना, माझ्या टेबलाशी ढकललं.

मी नानाजींकडे पाहिलं. नानाजी माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. तेवढ्यात मागून सुरुवात झाली.

"आमचा हा घ्या सर! मोबाईल चार्जिंगले लावते अन् दिवसभर त्याच्यापाशी राखण बसते!"

"ही आमची मानीबाई. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईले घरातून उत्तरं देते!"

दोन भाऊ तर एकमेकांची कॉलर धरून आले होते. दोघांचं म्हणणं एकच, आमच्या घरचा नमुना हा आहे!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, नमुना म्हणजे माणूस नाही!" मी ओरडलो. "नमुना म्हणजे... म्हणजे लघवी!"

शेजारी बबलूचा भोंगा चालूच होता, त्यामुळे ही बातमी शेजारच्या गावापर्यंत गेली.

"मंग तसं सांगा न मास्तर!" मानीबाई कडाडल्या. "दोन दिवसांपासून घराघरात भांडणं चालू हायेत, आपल्या घरचा नमुना कोण म्हणून! वरून उपाशी ठेवलं!"

लोक उठायला लागले. माझी आठ वर्षं सतरंजी झटकून घरी निघाली होती! तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या. "बसा सारे! जवाईबापूच्या तोंडून एक शब्द चुकला, तं काय त्याईची डिग्री बुडवता? घ्या बाटल्या!" अर्ध्या तासात चाळीस बाटल्या भरून आल्या. त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटलं मला.

मी पट्ट्या बुडवल्या, फोटो काढले. प्रोग्रामनं पहिला निकाल दिला, 'अनोळखी'. दुसरा, 'अनोळखी'. एकोणचाळीस निकाल अनोळखी! एवढं गाव, पण माझ्या एकाही वर्गात बसेना. आणि चाळिसावा निकाल आला : नानाजी, नॉर्मल!

नानाजींनी टोपी सारखी केली. "पाह्यलं का इंदे? साऱ्या गावात एकटा मीच नॉर्मल!" बबलूनं ते भोंग्यावर दोनदा सांगितलं.

इंदुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा मानूस नॉर्मल? झोपेतून दहादा उठते. माठच्या माठ एकटा रिकामा करते. दोघाचं जेवते अन् वाळून काटा झाला! तेच दाखवाले आणला होता जी मी. तुमी हसता सारे, पण मले भेव वाटते."

गावची आशा सेविका, पायल, पुढे आली. तिच्या पिशवीत बोटातून रक्त घेऊन साखर सांगणारं सरकारी यंत्र होतं. तिनं नानाजींच्या बोटाला टोचलं.

"तीनशे बारा, उपाशीपोटी," ती म्हणाली. "सर, तुमची पट्टी चुकली."

"पट्टी चुकत नाही!" मी ताडकन म्हणालो.

"मंग नॉर्मल कायच्यावरून ठरवलं?"

"तुलनेसाठी रोज एक ताजा, भरवशाचा नमुना लागतो," मी ऐटीत समजावू लागलो. "तो कुठे मिळणार? म्हणून मी माझाच वापरला. नॉर्मल म्हणजे मी. काठावरचा म्हणजे मी, अधिक चिमूटभर ग्लुकोज. हाताबाहेर म्हणजे मी, अधिक चमचाभर..."

बोलता बोलता माझा आवाज आपोआप खाली गेला. मघापासून मी तिसरी पाण्याची बाटली संपवत होतो, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

"बोट द्या, सर," पायल म्हणाली.

दोनशे अठ्ठ्याण्णव.

"निघताना चहा घेतला होता," मी पुटपुटलो.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आणि नानाजी एकसारखे, हे पट्टीनं बरोबर ओळखलं! पट्टी ठीक आहे, संघदीप. बिघाड तुमच्यात आहे. नॉर्मल बदला!"

मग पायलनं सगळ्यांची बोटं टोचली, ज्यांची साखर ठीक निघाली त्यांच्या पट्ट्यांवरून मी प्रोग्रामला नवं नॉर्मल शिकवलं, आणि निकाल झरझर लागले. सदतीस नॉर्मल, दोन काठावर, एक हाताबाहेर. पायलच्या यंत्राशी ताळा केला, चाळीसच्या चाळीस जुळले!

पायलनं नानाजींना लगेच नेरच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. इंदुताईंनी माझ्या टेबलावरून त्यांचं संमतीपत्र उचललं. "बाटली ठेवा तुमच्यापाशी. हा नमुना मी वापस घेऊन राह्यली," असं म्हणून त्यांनी नानाजींचा हात धरला तो एसटी येईपर्यंत सोडला नाही.

मी बॅग आवरायला लागलो, तोच सासूबाईंनी नमुन्याला लावायची एक चिठ्ठी माझ्या शर्टावर चिकटवली आणि मला त्याच एसटीत नानाजींच्या शेजारी बसवलं. "आमच्या घरचा राह्यलाच होता!" त्या बबलूला म्हणाल्या. आणि हेही भोंग्यावर गेलं.

प्रबंध मंगळवारी वेळेवर टेबलावर गेला. चहा आता बिनसाखरेचा असतो, त्याबद्दल मला काहीही बोलायचं नाही. प्रबंधाच्या शेवटच्या तक्त्यात 'हाताबाहेर' या वर्गात दोन नमुने आहेत आणि नियमाप्रमाणे दोघांचीही नावं गुप्त ठेवली आहेत. तुम्हाला हवीच असतील, तर नेरच्या स्टँडवर कोणालाही विचारा!