मेहेंदळ्यांची विमानवाहू नौका

फोटो धूसर असला तरी बघणाऱ्याची नजर धूसर असता कामा नये, असं यज्ञेश्वर मेहेंदळे यांचं ठाम मत होतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशा विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. विमानातून घेतलेल्या फोटोंवर भिंग धरायचं आणि कालव्याला कुठे भेग पडली आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण भिंग काही निवृत्त झालं नव्हतं.

त्यामुळे एका बड्या देशाची नवी विमानवाहू नौका चाचणीसाठी समुद्रात उतरली आणि कुणा प्रवाशाने विमानाच्या खिडकीतून काढलेले तिचे धूसर फोटो मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा मेहेंदळे संतापले. फोटोंवर नव्हे, ते बघणाऱ्यांवर. बिबवेवाडीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर त्या फोटोंखाली कुणी अंगठा टाकला, कुणी हात जोडले. महिपतराव जाधव तर वीस वर्षं नौदलात होते. त्यांनी लिहिलं, ‘काही दिसत नाही.’

“दिसत नाही म्हणे,” मेहेंदळे बायकोला म्हणाले. “वीस वर्षं जहाजावर काढली आणि जहाज दिसत नाही. मी दाखवतो.”

“आधी शर्मिलाताईंना उत्तर द्या,” हेमाताई म्हणाल्या. “आज पुन्हा फोटो पाठवलाय म्हणे त्यांनी.”

शर्मिला वानखडे म्हणजे त्यांच्याच सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. मूळच्या यवतमाळच्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं छत दोन पावसाळे गळत होतं. गच्चीला भेग आहे, असं त्यांचं म्हणणं. गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी मेहेंदळे यांच्याकडे होती. ती मागायला लेखी अर्ज लागे, आणि अर्ज समितीपुढे ठेवावा लागे. शेवटी बाई समोरच्या अकरा मजली इमारतीत मैत्रिणीकडे जाऊन तिथून झूम करून गच्चीचे फोटो काढू लागल्या. मेहेंदळे त्यांना दर वेळी एकच उत्तर पाठवत: ‘अस्पष्ट छायाचित्रावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. कळावे.’ गुडघ्यांमुळे ते स्वतः तीन वर्षांत गच्चीवर गेले नव्हते.

त्यांनी संघाकडून गुरुवारचं व्याख्यान मागून घेतलं. मोठे फोटो छापून आणायला बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने मोबाइलवरून फोटो पाठवायला सांगितलं. मेहेंदळ्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकापाठोपाठ चार करडे फोटो पाठवले.

“काका, फारच ब्लर आहेत हो.”

“तुम्हाला छापायचेत की बघायचेत?”

घरी येऊन त्यांनी गुंडाळी उलगडली. पहिल्या तीन फोटोंत समुद्र होता आणि समुद्रात एक करडी रेघ होती. चौथा पाहून मात्र ते खुर्चीतून उठलेच. नौका चक्क वरून दिसत होती. हा फोटो आपण कधी उतरवून घेतला हे त्यांना आठवेना, पण एवढा महत्त्वाचा पुरावा एकाही वर्तमानपत्राला दिसू नये याची त्यांना चीड आली. तीन दिवस ते पट्टी, कोनमापक आणि भिंग घेऊन त्या फोटोवर वाकून बसले. जेवायला हाक मारली तर “थांब, मी डेकवर आहे,” म्हणत.

गुरुवारी संघाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. मेहेंदळ्यांनी सोसायटीच्या फलकावर जाहीर आमंत्रण लावलं होतं आणि घरोघरी त्याची प्रत टाकली होती, म्हणून शर्मिलाताईही येऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या.

“हा डेक,” मेहेंदळ्यांनी चौथ्या फोटोवर पट्टी टेकवली. “हा नियंत्रण मनोरा, ही रडारची तबकडी. ही तीन काळी गोल झाकणं क्षेपणास्त्रांची. आता ऐका. मनोऱ्याचं दार साडेसहा फूट धरलं, तर नौका भरते नव्वद फूट. आणि हे जगाला सांगतात हजार.”

“नव्वद फुटांत विमान उतरणार कसं?” महिपतरावांनी विचारलं.

“तेच मी विचारतोय,” मेहेंदळे कडाडले. “आणि हे बघा. नवी कोरी नौका आणि डेकला आडवी भेग, सव्वीस फुटांची. शेजारी काळा डाग आहे, म्हणजे पाणी साचतंय. पाणी साचतं म्हणजे उतार चुकलाय. इतकं ढळढळीत दिसत असताना तिथला अधिकारी म्हणतो सगळं उत्तम आहे. लाज वाटायला हवी. माझ्या हाताखाली असता तर त्याच दिवशी घरी बसवला असता.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिपतराव मात्र उठून फोटोपाशी आले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

“मनोऱ्याजवळ हे लांबट काय लोंबतंय?”

“सिग्नलचं निशाण.”

“निशाणाला काठ आहेत. पदरही दिसतोय.”

पहिल्या रांगेतून हेमाताईंनी मान पुढे काढली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“अहो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ती माझी इरकल आहे. गेल्या रविवारी गच्चीवर वाळत घातली होती.”

मग झाकणांच्या पाण्याच्या टाक्या झाल्या, मनोऱ्याचा जिना झाला आणि रडारची टीव्हीची तबकडी झाली. मेहेंदळे पट्टी हातात धरून उभेच राहिले. दुकानदाराने घोळ केला, मोबाइल कंपन्या फोटोंची सरमिसळ करून ठेवतात, अशी दोन-तीन वाक्यं त्यांनी रागारागात उच्चारली, पण ती हशात बुडाली. हसल्या नाहीत फक्त शर्मिलाताई. त्यांनी पर्समधून पेन काढलं.

“भेग किती फूट म्हणालात तुम्ही?”

“सव्वीस,” मेहेंदळे म्हणाले.

शर्मिलाताईंनी आमंत्रणाच्याच कागदावर ते लिहून घेतलं.

रविवारी सकाळी मेहेंदळे कठडा धरत, दर मजल्यावर थांबत गच्चीवर गेले. मागून शर्मिलाताई होत्या. भेग होती. जिन्यापासून टाक्यांपर्यंत, फोटोत होती तशीच. शर्मिलाताईंनी टेपचं एक टोक धरलं, दुसरं धरून मेहेंदळे मागे मागे सरकत गेले. आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा उजळला.

“सव्वीस फूट दोन इंच,” ते म्हणाले. “बघा. इतक्या धूसर फोटोवरून फक्त दोन इंचांची चूक.”

“हो,” शर्मिलाताई म्हणाल्या. “आणि दोन वर्षांची.”

मेहेंदळ्यांनी यावर उत्तर तयार केलं होतं, पण ते लेखी द्यावं की तोंडी, हे त्यांना ठरवता येईना. ते टेप गुंडाळत राहिले.