शटरवरचं लाटणं

उन्हाळ्यात भर दुपारी आमच्या गल्लीत एक लाटणं फिरतं. धुळ्याच्या उन्हात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खाली दुकानं, वर घरं, आणि दुकानदार अर्धं शटर ओढून आत आडवे. अशा सामसुमीत शटरवर दोन ठोके पडतात आणि बाहेरून आवाज येतो, "शे का?" म्हणजे, आहेस का? आतून "शे" म्हटल्याशिवाय तो आवाज पुढे सरकत नाही.

ही शांताअक्का, माझी घरमालकीण. माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या वरच एकटी राहते. तिचे मिस्टर, नाना, याच गाळ्यात कपडे शिवायचे. ते गेल्यावर गाळा मला मिळाला. पहिल्या दुपारी ते ठोके ऐकून माझी बोबडीच वळली होती.

बाकीचे सरावलेत. गिरणीवाला घोरता घोरता "शे" म्हणतो. मोबाइलवाल्यानं एकदा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून लावला. अक्का जागची हलली नाही. "हाई मशीन बोलनं. आते खोकी दाखाड." बिचाऱ्याला उठून खोकावं लागलं.

मलाही एकदा हुक्की आली. आज उत्तरच द्यायचं नाही.

ठोके पडले. मी गप्प. पुन्हा पडले. शटरखालून तिचे पाय दिसत होते, ते हलेनात. तिसरे ठोके लाटण्याचे नव्हते, तळहाताचे होते. आपण खरंच नाही आहोत, असं क्षणभर वाटून गेलं.

"त्या दिन नानास्नी बी जबाब नही दिधा," ती शटरला म्हणाली. "मी समजनू, जपेल शेतस. निंघी गवू."

झोपलेत समजून ती वर निघून गेली होती. नाना संध्याकाळी सापडले, मी पडलो होतो त्याच फरशीवर.

मी धडपडत शटर उचललं. "शे, अक्का, शे." माझीच मला लाज वाटली. तिनं मला नीट न्याहाळलं आणि पुढच्या शटरकडे गेली.

सगळ्या गल्लीला विचारून ही बाई जिना चढते आणि तिला कुणीच विचारत नाही, हे मला तेव्हा सुचलं. दुसऱ्या दिवशी ती वर गेल्यावर मी झाडूच्या दांड्यानं छताला दोन ठोके दिले. "अक्का, शे का?"

मी दांडा पुन्हा उचलला.

मग वरून फरशीवर लाटणं दोनदा वाजलं. "शे रे भाऊ," ती म्हणाली. आवाज रडवेला होता.