परबकाकांचा एक्स्चेंज

भांडुप पश्चिमेच्या समस्त रहिवाशांना कळवण्यात येते, की जर्मनी या देशाने आमच्या सोसायटीतल्या परबकाकांची उघड उघड फसवणूक केली आहे. कृपया सर्वांनी दोन मिनिटं गंभीर व्हावं. मी प्रयत्न करून पाहिला, मला जमलं नाही.

झालं असं, की परबकाकांच्या एकुलत्या एक मुलीला, केतकीला, तिच्या कॉलेजने एका सेमिस्टरसाठी जर्मनीला पाठवलं. एक्स्चेंजवर. आणि या एका शब्दाने घात केला. कारण काकांनी उभा जन्म स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, काउंटरमागे काढलाय. एक्स्चेंज म्हणजे काय, ते त्यांना जर्मनीने शिकवायचं? जुना मिक्सर आधी काउंटरवर, मग नवा खोक्याबाहेर. झाकण घरी विसरलेल्या गिऱ्हाइकाला काकांनी झाकण आणायला परत पाठवलंय. असा माणूस मुलीला एअरपोर्टवर सोडून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा.

"वहिनी, आपली गेली. त्यांचं कधी येतंय?"

"त्यांचं काय?"

"पोर हो! एक्स्चेंज आहे ना?"

मी म्हटलं, काका, तसं नसतं. म्हणजे असतं, पण तसं लगेच नसतं. झालं! राग आला की काकांची भाषा भांडुप सोडून थेट मालवणात उतरते.

"आमचां चेडू गेलां, तेंचां खंय हा?"

चेडू म्हणजे मुलगी. पुढचे कित्येक दिवस हे वाक्य जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी घुमत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याची टाकी धुण्याचा विषय चालू होता, तिथेही काका उठले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, विषय टाकीचा आहे."

"मी पण टाकीचंच बोलतोय! माझ्या घरात एक माणूस कमी झालंय, तुमचं पाणी वाचतंय. मग माझ्या बाजूने जर्मनीला कोण बोलणार?"

कोणीच बोलणार नव्हतं. म्हणून काका स्वतः केतकीच्या कॉलेजात गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. तिथे परदेशी कारभार बघणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं, "सर, यंदा त्यांच्याकडून आपलं कॉलेज कुणी निवडलंच नाही."

काका खुर्चीतून उठलेच. "निवडलं नाही म्हणजे? काय कमी आहे आमच्यात? खिडकीतून डोंगर दिसतो. मासळीवाली दारात येते. त्यांच्याकडे बोंबील मिळतो?"

बोंबील मिळत नसावा, असं मॅडमनी कबूल केलं.

"मग?"

"पुढच्या वर्षी कदाचित येईल कुणी, सर."

"वा! म्हणजे नवा मिक्सर आज घेऊन जा, आणि जुना पुढच्या वर्षी मनात आलं तर आणा! दोन दिवसांत शटर ओढावं लागेल अशाने!"

मॅडमनी आम्हाला चहा पाजला. काकांनी तो निषेध म्हणून अर्धा ठेवला.

इथवर मी हे सगळं मिटक्या मारत ऐकत होते, आणि आल्या-गेल्याला नक्कल करून दाखवत होते. मग एका रविवारी काका वाटी घेऊन आले. बांगड्याचं सार.

"चाखून सांगा. परदेशी पोटाला झेपेल?"

चाखलं. मिरची नाही, तिरफळ नाही, कोकम नावाला. बांगडा नुसता हळदीच्या पाण्यात अंघोळ करून आल्यासारखा. मी म्हटलं, "काका, इतकं फिकं कुणासाठी करताय? कोणी येत नाहीये."

"आलं तर?"

"अहो, पण हट्ट कसला हा?"

काका उंबऱ्यातच घुटमळले. "वहिनी, दुकानात एक बघितलंय. आपली वस्तू दुसऱ्याकडे असली ना, की त्याची आपल्याकडे असावी. मग माणूस जपून वापरतो." मग म्हणाले, "त्यांचं पोर माझ्याकडे नीट जेवलं, तर तिकडे माझ्या पोरीला उपाशी कोण ठेवील?"

ते सार मी संपवलं. सगळं.

गेल्या आठवड्यात केतकीला तिकडे ताप आला. संध्याकाळी काका फोन घेऊन तरातरा माझ्याकडे आले आणि तो माझ्या पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर केतकी रजईत गुरफटलेली, नाक लाल.

"बघा! हेच सांगत होतो मी सगळ्यांना! आता हिला पेज कोण देणार? जर्मनी देणार?"

केतकीची आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. तेव्हापासून तिच्या प्रत्येक तापात काकांनीच पेज रटरटवली आहे. मऊ भात, मीठ, वर तुपाचा थेंब. चमचा तोंडाशी नेताना ओरडायचे मात्र सारखे.

तेवढ्यात पडद्यावर दार उघडलं. पांढऱ्या केसांची, धिप्पाड अशी एक आजीबाई आत आली. हातात वाफाळतं बाउल.

"बाबा, या माझ्या घरमालकीण," केतकी म्हणाली. "दोन्ही वेळा सूप करून आणतात. संपेपर्यंत हलत नाहीत, आणि सारख्या ओरडतात."

आजीबाईंनी उलट्या हाताने केतकीचं कपाळ पाहिलं, पांघरूण खोचलं आणि फोनकडे बघून हात हलवला.

इतके महिने जिच्या नावाने शंख केला, ती साक्षात जर्मनी माझ्या पिठाच्या डब्यापाशी येऊन उभी होती. आता काका सोडणार नाहीत! त्यांनी फोन नाकाजवळ ओढला. त्या बाउलकडे बघितलं. आणि मग, फोन नसता तरी जर्मनीत ऐकू गेलं असतं अशा आवाजात ओरडले,

"ओ बाय, तुमचां एक पोर हंय धाडा! माका पण पेज वाढूक कोणतरी व्हया ना!"