कुणीतरीचं तोंड

गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीतली रसबाळी केळी नाहीशी झाली होती. नुसती देठं लोंबत होती. विसर्जनाआधी माटोळीच्या फळांना कुणी हात लावत नाही. विनोदिनीकाकूंनी शेजारच्या साईशला धरलं.

"काकू, देवाशपथ, मी खावक नाय!" साईश रडकुंडीला आला.

काकूंचे यजमान कृष्णनाथ मास्तर मान खाली घालून बिनसाखरेचा चहा ढवळत राहिले. डॉक्टरांनी त्यांना केळी बंद केली होती, आणि ती त्यांनीच खाल्ली होती. खरं सांगावं तर साईश सुटेल. पण निवृत्तीनंतरही हौसेनं ज्या मुलांना शिकवतो, त्यांच्यासमोर कसं बसायचं? नाव न घेता प्रकरण हसण्यावारी न्यावं, म्हणून मास्तरांनी कविता केली आणि संध्याकाळी दारापुढच्या बल्कांवातल्या बाकांवर जमलेल्या मुलांना वाचून दाखवली.

"घड माटोळीचा डुलला,
कुणीतरी हळूच खाल्ला,
देठं तेवढी वर राहिली,
देवानं ती गंमत पाहिली."

"सर, कुणीतरी म्हणजे कोण?" तनयानं विचारलं.

"कवितेत ते सांगावं लागत नाही, बाय. झाकून ठेवता येतं. तीच तिची मजा!" मास्तर शिकवण्याच्या भरात आले. "चित्राची गोष्ट वेगळी. चला, ह्याचंच चित्र काढा!"

साईशनं माकड काढलं. "शाबास!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तनयाच्या चित्रात देव हसत होता. समोर स्टुलावर चष्मा लावलेला, गाल फुगलेला माणूस, खांद्यावर निळ्या चौकड्यांचा पंचा. मास्तरांनी आपल्या खांद्यावरचा पंचा ओढून पाठीमागे लपवला.

"हे... असं का काढलंस?"

"कवितेत कुणीतरी चलता, सर. चित्रात तोंड काढूकच लागता. दुर्वा घेऊन इल्लंय तेव्हा खिडकीतून बघितलंय."

"मग आधी बोललीस कशाक नाय गो?" दारातून काकू म्हणाल्या.

"माका खंय कोणी विचारला?"

मास्तर उठले. कान लाल झाले होते. "साईश, चुकलो रे बाबा," एवढंच कसंबसं म्हणाले.

साईशनं डोळे पुसले. "सर, माझा माकड मगे खोडू?"

काकूंनी तनयाचं चित्र बरोबर माटोळीखाली लावलं. आरतीला येणारे आधी देठं बघत, मग चित्र, मग मास्तर. मास्तर विसर्जनापर्यंत प्रत्येक आरतीला डोळे घट्ट मिटून उभे राहिले. म्हापशाहून आलेला एक पाहुणा कौतुकानं म्हणालाही, "अशी भक्ती आता दिसत नाही हो!"